शब्दांची किंमत सात टक्के नाही

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात, स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गात, विमा प्रतिनिधींच्या प्रशिक्षणात, शिक्षकांच्या कार्यशाळेत एक आकडा हमखास ऐकू येतो. पडद्यावर एक वर्तुळ उमटतं आणि त्याचे तीन तुकडे रंगवलेले असतात. देहबोली ५५ टक्के, आवाज ३८ टक्के, शब्द ७ टक्के. मग सांगितलं जातं की तुम्ही काय बोलता याला फारशी किंमत नाही. उभे कसे राहता, हात कसे हलवता, आवाज कसा लावता, यावरच सगळं ठरतं. समोरची मुलं हे वहीत उतरवून घेतात. पुढे त्यांच्यातलाच कुणी प्रशिक्षक होतो आणि तोच आकडा पुढच्या तुकडीला देतो.

हे विधान मुळातूनच चुकीचं आहे. ज्या संशोधनाच्या नावावर ते खपवलं जातं, त्या संशोधनात ते नाही. रोजच्या अनुभवाशी ते जुळत नाही. आणि ज्यांना नीट बोलायला, लिहायला आणि ऐकायला शिकण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांचंच ते नुकसान करतं. म्हणून त्याच्याकडे ‘शिबिरातली एक गंमत’ म्हणून कानाडोळा करणं मला मान्य नाही.

आकडा आला कुठून

हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या नावावर चालतो. मेहराबियन हे लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९६७ साली त्यांचे सहकाऱ्यांसोबतचे दोन छोटे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रयोगात नऊ इंग्रजी शब्द ध्वनिमुद्रित केले होते. ‘हनी’, ‘डिअर’, ‘थँक्स’ हे तीन गोड. ‘मेबी’, ‘रिअली’, ‘ओ’ हे तीन मधले. ‘डोन्ट’, ‘ब्रूट’, ‘टेरिबल’ हे तीन कडू. प्रत्येक शब्द तीन सुरांत म्हटलेला होता: आपुलकीनं, सपाटपणे आणि नावडीनं. ऐकणाऱ्यांनी एवढंच ओळखायचं होतं की बोलणाऱ्या व्यक्तीला समोरचं माणूस आवडतंय की नाही. दुसऱ्या प्रयोगात शब्द एकच होता, ‘मेबी’. तो तीन सुरांत ऐकवायचा आणि सोबत एका चेहऱ्याचं छायाचित्र दाखवायचं. चेहराही कधी आवड दाखवणारा, कधी कोरा, कधी नावड दाखवणारा. प्रश्न इथंही तोच होता.

आता या प्रयोगांत काय नव्हतं ते पाहा. वाक्य नव्हतं. दोन माणसांमधलं बोलणं नव्हतं. कोण कुणाशी, कुठं, कशासाठी बोलतंय हे नव्हतं. दुसऱ्या प्रयोगात तर शब्द मुद्दाम असा निवडला होता की त्यातून आवडही कळू नये आणि नावडही. म्हणजे तिथं शब्दाला काही सांगायला जागाच ठेवली नव्हती. ज्याला शिबिरात ‘देहबोली’ म्हणतात तीही तिथं नव्हती. हात, खांदे, चालणं, उभं राहणं यांतलं काहीच नव्हतं, चेहऱ्याचं एक स्थिर छायाचित्र होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शब्द, सूर आणि चेहरा या तिघांना एकत्र तोलणारा प्रयोग या दोघांपैकी एकही नव्हता. शब्द आणि सूर यांचं प्रमाण एका प्रयोगातून घेतलं, सूर आणि चेहरा यांचं दुसऱ्यातून, आणि दोन्ही सांधून एक समीकरण मांडलं. त्या सांध्यातून ७, ३८ आणि ५५ हे आकडे निघाले.

मेहराबियन यांचं ‘सायलेंट मेसेजेस’ हे पुस्तक १९७१ साली आलं आणि आकडा सर्वदूर गेला. पण समीकरणाची हद्द त्यांनी स्वतःच आखून दिली आहे. बोलणारा स्वतःच्या भावना किंवा आवडनिवड सांगत नसेल, तर हे समीकरण लागूच होत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं आहे. ज्याच्या नावावर दावा चालतो तो माणूसच दावा नाकारतो आहे. एवढ्यावर हा विषय मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण आकड्यानं मूळ निबंध केव्हाच मागं टाकला होता. निबंध वाचायला वेळ लागतो, वर्तुळ दाखवायला लागत नाही.

खरं किती आणि कुठवर

त्या प्रयोगांतून जे खरोखर दिसतं ते मी नाकारत नाही. शब्द एक सांगत असेल आणि सूर दुसरं, तर मनातल्या भावनेबद्दल आपण सुरावर भरवसा ठेवतो. वसतिगृहात राहणारी मुलगी फोनवर म्हणते, ‘‘काही नाही झालं गं आई, बरी आहे मी.’’ आवाज भरून आलेला असतो. आई शब्द बाजूला ठेवते आणि आवाज धरते. आईचं बरोबरच असतं.

पण त्याच फोनवर पुढे काय होतं? काहीतरी बिनसलंय एवढं आईला आवाजावरून कळलं. काय बिनसलंय हे कळलेलं नाही. ताप आलाय, फी भरायची राहिली, खोलीतल्या मुलीशी भांडण झालं, की परीक्षेत नापास झाली? या चारांतलं कोणतं, हे जगातला कोणताही कातर आवाज सांगू शकत नाही. आई विचारते, ‘‘मग आवाज असा का येतोय? जेवलीस का? कुणी काही बोललं का?’’ मुलगी हळूहळू सांगते. आवाजानं आईला जागं केलं, शब्दांनी तिला मुलीपर्यंत नेलं. यात सात टक्के कोणते आणि अडतीस कोणते, हे सांगून दाखवा.

सांगता येणार नाही, कारण हा हिशोबच मांडता येत नाही. भाकरी पिठामुळे किती टक्के झाली आणि आचेमुळे किती टक्के, असा प्रश्न कुणी विचारत नाही. दोन्ही लागतात, आणि एकाचं काम दुसरं करत नाही. शब्द, सूर, चेहरा, हातवारे आणि प्रसंग यांचंही तसंच आहे. ‘‘या’’ हा एवढासा शब्द दारात उभ्या पाहुण्याला म्हटला तर स्वागत असतो आणि हुज्जत घालणाऱ्याला म्हटला तर हाकलणं असतं. तिथं सुराचा वाटा मोठा. ‘‘पुणे–नांदेड गाडी आज फलाट चारवरून सुटेल’’ यात सुराचा वाटा जवळपास शून्य. प्रसंग बदलला की वाटे बदलतात. सगळ्या प्रसंगांना मिळून एकच टक्केवारी असते असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

मूकबधिर माणसांची सांकेतिक भाषा पाहिली की हा दावा आणखी उघडा पडतो. तिथं हात आणि चेहरा हेच शब्द असतात आणि तेच व्याकरण. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होऊ शकतो. ती भाषा शिकल्याशिवाय ती कुणाला कळत नाही. शरीर हलतंय म्हणजे ते शब्दांच्या पलीकडचं, ही समजूत इथं टिकत नाही.

शब्द एकटेही चालतात

दावा खरा असता तर दूरचित्रवाणीवरच्या बातम्या आवाज बंद करून, केवळ वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून निम्म्याहून अधिक कळायला हव्या होत्या. आकाशवाणीवरच्या बातम्या निम्म्याहून कमी कळायला हव्या होत्या. छापील वर्तमानपत्र तर जवळजवळ कळूच नये. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो.

याहून मोठा दाखला आपल्या घरचा आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९३६ च्या अधिवेशनाचं अध्यक्षपद देऊ केलं. भाषणाचा मसुदा मंडळाला पचला नाही, मतभेद झाले आणि अधिवेशनच रद्द झालं. ते भाषण बाबासाहेबांनी कधीच केलं नाही. व्यासपीठ नव्हतं, आवाज नव्हता, श्रोत्यांकडे रोखलेली नजर नव्हती. त्यांनी ते स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याला उत्तर दिलं, बाबासाहेबांनी त्या उत्तराला उत्तर दिलं, आणि हा वाद नव्वद वर्षांनंतरही जिवंत आहे. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ वाचून ज्यांची आयुष्यं बदलली त्यांच्यापर्यंत लेखकाची देहबोली पोचली नव्हती. पोचले ते शब्द, त्यांची मांडणी आणि त्यांतला युक्तिवाद.

कुणी म्हणेल, ते लेखन झालं, आम्ही बोलण्याबद्दल बोलतो आहोत. ठीक आहे. तर मग बोलण्यात अर्थ तयार कसा होतो, हेच पाहू.

अर्थ दोघं मिळून घडवतात

संवादाची आपली पाठ्यपुस्तकी कल्पना एका आकृतीवर उभी आहे. डावीकडे पाठवणारा, उजवीकडे घेणारा, मध्ये बाण, बाणावर ‘संदेश’. या आकृतीचं मूळ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधात आहे. शॅनन बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि त्यांचा प्रश्न तारायंत्र आणि दूरध्वनीचा होता: गोंगाट असलेल्या तारेवरून संकेत बिनचूक कसे पोचवायचे? अर्थाचा प्रश्न या अभियांत्रिकी प्रश्नात येत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. तरी ती आकृती शिक्षणशास्त्राच्या आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत माणसांच्या बोलण्याचं चित्र म्हणून बसली. त्या चित्रातला ऐकणारा हा डबा आहे, येईल ते घेणारा. टक्केवारीच्या वर्तुळात तर त्याला तेवढीही जागा नाही. तिथं बोलणारा एकटाच आहे, आरशासमोर.

प्रत्यक्षात ऐकणारा बरंच काम करतो. आई विचारते, ‘‘अभ्यास झाला का?’’ मुलगा उत्तर देतो, ‘‘गणिताचा झाला.’’ बाकीच्या विषयांचा झालेला नाही, हे आईला तत्क्षणी कळतं. मुलगा तसं बोललेला नाही. हेच उत्तर त्यानं मोबाईलवर लिहून पाठवलं असतं, चेहरा दिसला नसता, आवाज आला नसता, तरी आईला तेच कळलं असतं. कसं? आई गृहीत धरते की विचारलेल्या प्रश्नाला मुलगा जमेल तेवढं पूर्ण उत्तर देईल. सगळा अभ्यास झाला असता तर तो ‘‘झाला’’ एवढंच म्हणाला असता. त्यानं ‘गणिताचा’ हा शब्द घातला, त्याअर्थी तो घालायचं काही कारण होतं. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हे तत्त्व मांडलं. बोलणारा सहकार्य करतोय असं धरून चालायचं आणि न बोललेलं त्याच्या शब्दनिवडीवरून ताडायचं. तो एक शब्द काढला तर अर्थ उलटा होतो. इथं सगळा भार शब्दावर आहे, आणि तो उचलणारं डोकं ऐकणाऱ्याचं आहे.

बोलण्यातली ही भागीदारी मोजून पाहिलेली आहे. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास झाला. एकाचा प्रश्न संपण्याच्या आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्याच्या मधली सरासरी फट सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाली. एवढ्या वेळात वाक्य जुळवणं शक्य नसतं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच ऐकणारा त्याचं वाक्य कुठं चाललंय हे ओळखतो आणि आपलं उत्तर तयार करतो. २०१५ साली बारा भाषांतल्या घरगुती गप्पा तपासल्या गेल्या. सरासरी दर दीड मिनिटाच्या आत कुणीतरी ‘‘काय?’’, ‘‘कोण म्हणालास?’’, ‘‘म्हणजे उद्या ना?’’ अशी विचारणा करतं आणि बोलणारा दुरुस्ती करतो, असं दिसलं. गैरसमज हा संवादातला अपघात आहे असं आपण मानतो. खरं तर तो सतत होत असतो आणि सतत दुरुस्त होत असतो, म्हणूनच संवाद चालतो. ही दुरुस्ती जवळजवळ सगळी शब्दांनी होते.

ऐकणाऱ्याचं लक्ष उडालं की बोलणाऱ्याचं काय होतं, तेही पाहिलेलं आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना जिवावर बेतलेल्या प्रसंगांच्या हकिकती सांगायला लावल्या. काही ऐकणाऱ्यांना एक काम गुपचूप दिलं होतं: सांगणाऱ्याच्या तोंडून ‘टी’ या अक्षरानं सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजायचे. ते समोर बसले होते, त्यांचे कान उघडे होते, पण हकिकतीत ते नव्हते. सांगणाऱ्यांची हकिकत ढासळली. विशेषतः शेवट, जिथं सगळा जीव असतो, तो फसला. सांगणाऱ्यात काही दोष नव्हता. त्याचा अर्धा जोडीदार गैरहजर होता, एवढंच.

हे ऐकून मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. आजीच्या गोष्टीला हुंकार द्यावा लागतो, नाहीतर आजी थांबते. कीर्तनकार टाळकऱ्यांच्या साथीवर उभा असतो. आपल्याला जे परंपरेनं ठाऊक आहे ते प्रयोगशाळेनं मोजून दाखवलं, आणि आपण मात्र शिबिरात जाऊन ‘संवाद म्हणजे माझी देहबोली’ असं शिकून येतो.

शब्द चुकला तर काय होतं

२५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून निघालेलं आव्हियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कच्या वाटेवर घिरट्या घालत होतं. हवामान खराब होतं, गर्दी होती, विमानाला तासाभराहून जास्त वेळ ताटकळावं लागलं आणि इंधन संपत आलं. वैमानिकांनी नियंत्रकांना ‘प्रायॉरिटी’ हवी असल्याचं कळवलं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. मुख्य वैमानिकानं सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आपली आणीबाणी आहे असं त्यांना सांग. सहवैमानिकानं नियंत्रकाला इंग्रजीत, दुसऱ्या सूचनांना होकार देता देता, इंधन संपत चालल्याचं कळवलं. मग मुख्य वैमानिकाला म्हणाला, सांगितलं. मुख्य वैमानिकाला वाटलं की आणीबाणी कळवली गेली. नियंत्रकाच्या लेखी मात्र इंधन सगळ्यांचंच कमी होत होतं. ‘मेडे’ ही संकटाची हाक किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द ऐकला असता तर त्याला या विमानाला आधी वाट द्यावी लागली असती. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ जणांपैकी ७३ मृत्युमुखी पडले.

टक्केवारीवाले इथं म्हणतील, सहवैमानिकाच्या आवाजात निकड नव्हती, सूर चुकला. समजा तसं असेल. मग विमान वाहतुकीनं यातून कोणता धडा घेतला? आवाज चढवायला शिका, असा नाही. आज आंतरराष्ट्रीय नियमानुसार ‘मिनिमम फ्युएल’ याचा अर्थ ठरलेला आहे, आणि त्याहून बिकट वेळ आली की तीनदा ‘मेडे’ म्हणून पुढे ‘फ्युएल’ म्हणायचं, हेही ठरलेलं आहे. त्याआधी २७ मार्च १९७७ ला तेनेरिफे बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. तिथंही ‘टेकऑफ’ या शब्दाचा वैमानिकानं एक अर्थ लावला आणि नियंत्रकानं दुसरा. त्यानंतर प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच ‘टेकऑफ’ म्हणायचं, एरवी ‘डिपार्चर’, असा दंडक पडला. सूचना मिळाली की ती शब्दशः परत म्हणून दाखवायची ही शिस्त अधिक कडक झाली. जिथं चुकीची किंमत जिवानं मोजावी लागते, तिथं माणसं शेवटी दोन गोष्टींवर विसंबतात: नेमका शब्द आणि खातरजमा.

विमान लांब राहिलं. घरात येऊ. बाळाला जुलाब होतात, आशाताई क्षारसंजीवनीची पुडी देते. ‘‘पाण्यात घालून पाजा’’ एवढं प्रेमानं, हसून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं तर देहबोलीचे सगळे गुण मिळतील. पण चांगली आशाताई तिथं थांबत नाही.

‘‘वहिनी, पुडी कशी करणार ते मला सांगा बघू.’’

‘‘एका ग्लासात थोडी घालीन, लागेल तशी.’’

‘‘तसं नका करू. पुडी मोठी आहे. सगळी एकदम घालायची, एक लिटर पाण्यात. पाणी उकळून गार केलेलं. आणि उरलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं. आता परत सांगा.’’

पुडी लहान असती तर तिला २०० मिलिलिटर पाणी लागलं असतं. कमी पाण्यात जास्त पूड गेली तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्या दोन मिनिटांत ‘सगळी’, ‘एक लिटर’ आणि ‘परत सांगा’ या शब्दांनी जे केलं, ते कोणत्याही हास्यानं झालं नसतं. आणि ते हास्यही हवंच होतं, कारण त्यामुळेच वहिनींना आपली चुकीची पद्धत न घाबरता सांगता आली. आपुलकी दार उघडते, आत न्यायचं ते शब्दांनीच न्यावं लागतं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येतो: ‘‘शब्द खोटं बोलतात, शरीर खोटं बोलत नाही.’’ हे ऐकायला छान वाटतं. पण चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र करून पाहिले. खरं कोण बोलतंय आणि खोटं कोण, हे ओळखण्यात माणसांचा अचूकपणा सरासरी ५४ टक्के निघाला. नाणं उडवलं तर ५० मिळतात. आणि आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं तेव्हा माणसं आवाज ऐकवल्यापेक्षा कमी अचूक ठरली. नजर चुकवणारा खोटारडा आणि डोळ्याला डोळा भिडवणारा खरा, या समजुतीवर विसंबून पोलीस, परीक्षक आणि मालक रोज माणसं तोलत असतात. लाजऱ्या माणसाला, खेड्यातून आलेल्या मुलीला, थोरांसमोर नजर खाली ठेवण्याच्या वळणात वाढलेल्याला ही समजूत विनाकारण आरोपी करते.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: ‘‘आकडा चुकीचा असेल, पण त्यामुळे मुलं ताठ बसतात, स्पष्ट बोलतात. फायदाच होतो ना?’’ ताठ बसण्याला माझा विरोध नाही. आवाज पोचला पाहिजे, नजर मिळाली पाहिजे, हे शिकवावं. ते शिकवायला खोट्या आकड्याची गरज नाही. आणि तोटा किती होतो तेही मोजलं पाहिजे.

नुकसान कुणाचं होतं

गडचिरोलीहून, नांदेडहून किंवा सिंधुदुर्गातून पुण्याला येऊन मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलाला सांगितलं जातं की तुझी अडचण देहबोलीत आहे. तो आरशासमोर उभा राहतो, टायची गाठ शिकतो, हात कुठं ठेवायचे ते शिकतो. मुलाखतीत त्याला विचारतात, तुमच्या तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर का लागतात? त्याला उत्तर ठाऊक आहे. बापानं बोअर दोनदा खोल नेलेली त्यानं पाहिली आहे. पण कारणं वेगळी काढून, क्रम लावून, चार वाक्यांत मांडायची सवय त्याला कुणी लावलेली नाही, कारण शब्दांना सात टक्केच किंमत आहे असं त्याला शिकवलं गेलं. इंग्रजी माध्यमाच्या, शहरी घरातल्या मुलाकडे ती मांडणी घरातूनच येते, त्याला आकडा बाधत नाही. ज्याच्याकडे शब्द हीच कमावता येण्यासारखी एकमेव मिळकत आहे, त्यालाच ती फुकाची असल्याचं सांगणं हा अन्याय आहे.

नुकसान सत्तेच्या बाजूनंही होतं. पंतप्रधान पीकविमा योजनेच्या नियमांत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत देण्याची अट राहिली आहे. ही अट शेतकऱ्याला सोप्या मराठीत, वेळेवर, पुन्हा विचारून खात्री करून सांगितली गेली की नाही, यावर त्याची भरपाई ठरते. कार्यालयातून निघणारी पत्रं मात्र ‘उपरोक्त विषयान्वये’नं सुरू होतात आणि ‘सदर बाब निदर्शनास आणण्यात येते’नं संपतात. ज्याला कळलं नाही त्याचाच दोष धरला जातो. शब्दांना किंमत नाही असं एकदा ठरलं की शब्द नीट निवडण्याची जबाबदारीही उरत नाही. डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ लिहून मोकळा होतो, बँकेतला माणूस सही कुठं करायची तेवढं दाखवून मोकळा होतो, आणि दोघांनाही वाटतं की आपण सांगितलं.

हे वाटणं किती फसवं असतं, हे स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली दाखवलं. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं चालू होतं, समोरच्याच्या कानावर नुसती टकटक पडत होती. ज्याला विषय ठाऊक आहे अशा प्रत्येकाची ही अवस्था असते. त्यावरचा उपाय आणखी आत्मविश्वासानं वाजवणं हा नाही.

मग शिकवायचं काय

शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. वर्तुळाच्या जागी या गोष्टी शिकवा. एक, बोलण्याआधी समोरच्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा विचार करणं. दोन, किती, केव्हा, कुठं, कुणी हे मोघम न ठेवता सांगणं. तीन, ‘‘कळलं का?’’ असं न विचारता ‘‘तुम्ही काय करणार ते सांगा’’ असं विचारणं. ‘‘कळलं का?’’ला माणूस भिडेपोटी हो म्हणतो. चार, ऐकणं हे काम म्हणून शिकणं: मध्ये न तोडता ऐकायचं, आणि कळलं नाही तिथं न लाजता थांबवायचं. पाच, न कळल्याचं सांगणाऱ्याला कमी न लेखणं, कारण दुरुस्तीची संधी तोच देतो.

यातलं प्रत्येक काम शाळेच्या वर्गात, ग्रामसभेत, दवाखान्याच्या ओसरीत रोज करून घेता येतं. त्याला पडदा लागत नाही, टाय लागत नाही, आणि पैसेही लागत नाहीत. सराव मात्र लागतो.

पुढच्या वेळी कुणी ते वर्तुळ दाखवलं तर श्रोत्यांपैकी एकानं तरी उठून विचारावं: हा आकडा कोणत्या प्रयोगातून आला, त्यात माणसं काय ओळखत होती, आणि तो ज्यांच्या नावावर आहे ते स्वतः काय म्हणाले? हे तीन प्रश्न शब्दांतच विचारावे लागतील आणि त्यांची उत्तरंही शब्दांतच द्यावी लागतील. ती देता आली नाहीत, तर वर्तुळ उतरवावं.